माझ्याच कोपरानं तुटलेला ब्रेकचा वॉल्व

आधीच कबूल करून टाकतो, गाडी स्वतःहून बिघडली नव्हती, मी बिघडवली. रविवार होता, मार्च संपत आलेला, दुपारी अंगणात चप्पल काढून उभं राहायची सोय नाही असं ऊन, आणि मला काय सुचलं तर पिकअपचं बॉनेट उघडून इंजिन साफ करायचं. गाडी बारा वर्षांची, डिझेल. काटोलकडून संत्रा भरायचा आणि सकाळच्या हर्रासाच्या, म्हणजे लिलावाच्या, आधी नागपूरच्या कळमना बाजारात पोचवायचा हे तिचं मुख्य काम, बाकीचे महिने प्लायवूड, सिमेंट, लग्नाचं सामान, जे भाडं मिळेल ते. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला तेलाचा चिकटा जमून राहिला होता, तो ब्रशनं घासायला मी वाकलो, आणि डाव्या हाताचं कोपर कुठंतरी टेकवलं. कट् असा आवाज आला. तुराटी मोडताना येतो ना, अगदी तसा.

पाहिलं तर ड्रायव्हरच्या बाजूला, इंजिनच्या मागच्या पत्र्याला जो मोठा काळा गोल डबा असतो, त्याच्या तोंडात खोचलेली एक प्लास्टिकची कोपऱ्यासारखी वाकडी नळी होती, तिला चीर गेली होती. आता मला तेव्हा हे माहीत होतं का की तो डबा म्हणजे पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर आणि ती नळी म्हणजे त्याचा वॉल्व? थोडंफार होतं, खोटं कशाला बोलू. पण चीर एवढीशी, केसाएवढी, आणि रविवारची दुकानं बंद, म्हणून मी त्यावर झटपट चिकटणारा गोंद टाकला, वरून काळी वायरिंगची टेप पाच-सहा वेढे मारली, गाडी चालू करून चौकापर्यंत नेऊन आणली, ब्रेक लागला, झालं, संपला विषय.

सोमवारी संध्याकाळी काटोलला मृग बहाराचा शेवटचा माल भरला. साठ क्रेट, वीस-वीस किलोचे, म्हणजे बाराशे किलो झाले. रात्री तीनला निघालो, सोबत माझा साळा. फेटरी मागं टाकलं, गोरेवाड्याकडं येऊन राहिलो होतो, तेवढ्यात इंजिनच्या आवाजाच्या खालून एक बारीक सूंऽऽऽ असा आवाज यायला लागला, कुकरच्या शिट्टीच्या आधी येतो तसा. मी रेडिओ बंद केला. आवाज रेडिओचा नव्हता. समोर रस्त्यावर आरामात बसलेली गुरं दिसली, मी ब्रेक दाबला, पहिल्यांदा बरोबर लागला, सोडून परत दाबला तर अर्धाच लागला, आणि तिसऱ्यांदा दाबला तेव्हा पेडलच्या खाली कोणी वीट ठेवल्यासारखं झालं. पाय खाली जाईचना.

साळा ओरडला, "भाऊजी, ब्रेक मारा न!"

"मारूनच राहिलो बे!"

सीटला पाठ लावून, स्टिअरिंग धरून, दोन्ही पाय त्या पेडलवर देऊन उभाच राहिलो म्हणा ना. आधी तिसरा, मग घर्रकन दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा करत ओढला, मागून क्रेट कुरकुरले, आणि गाडी त्या गुरांच्या हातभर अलीकडं थांबली. एका गायीनं मान वळवून पाहिलं आणि परत रवंथ करायला लागली. आम्ही दोघं पाच मिनिटं काहीच बोललो नाही.

इथं एक गोष्ट सांगतो, जी मला त्या रात्री कळली असती तर कमी घाबरलो असतो. ब्रेक फेल झाला नव्हता. फेल होतो तेव्हा पेडल खाली बसतं, फुसकं होतं, तळाला जाऊन टेकतं. हे उलटं होतं, पेडल दगड झालं होतं. म्हणजे ब्रेकचं तेल, लाईन, पॅड सगळं जागेवर, फक्त पायाला जी मदत मिळते ती गेली. मदत गेली तरी पाय आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकचं तेल ढकलणारा दट्ट्या, यांचा जोड लोखंडी दांड्याचा असतो, तो तुटत नाही, कितीतरी पट जोर लावला की गाडी थांबते. पण भरलेल्या गाडीला तेवढा जोर लावायला माणूस तयार पाहिजे, आणि पहाटे चारला कोणीच तयार नसतो.

तिथून कळमन्यापर्यंत मी ती गाडी वीसच्या स्पीडनं आणली, काटोल नाका, मानकापूर, ऑटोमोटिव्ह चौक असा रिंग रोड धरून, दुसऱ्या गिअरमध्ये. हे चुकलंच. दुसरी गाडी बोलावून माल पलटी करायला पाहिजे होता. पण हर्रास चुकला तर तोच संत्रा दुपारी कोण कोणत्या भावानं घेणार हे ज्याचं त्याला माहीत, आणि बागवाला दर दहा मिनिटांनी फोन करून राहिला होता. हर्रास मिळाला, भाव मात्र पडेलच मिळाला, ती वेगळी रड.

माल उतरवून तिथल्याच जवळच्या एका गॅरेजवर गेलो. त्यानं बॉनेटही नीट उघडलं नाही, पेडल दोनदा दाबलं आणि निकाल दिला, "भाऊ, बूस्टर गेला. मास्टर सिलिंडरबी पाहावं लागेल. तेल पूर्ण बदलून, एअर काढून, साडेसहा हजार पकडून चला." मी म्हटलं दादा, ती टेप दिसून राहिली का तुम्हाला, तिथून हवा जाऊन राहिली. तर म्हणे, "ते तर आहेच, पण बूस्टर गेला म्हणूनच तर तिकडून आवाज येतो." मला हे काही पटलं नाही. साडेसहा हजार नव्हतेही खिशात, त्यामुळं न पटायला सोपं गेलं.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. रोज सकाळी पेपर घेऊन ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून तिला काय झालं ते सांगतात, कोणी विचारलं नाही तरी. मी गाडी त्यांच्यासमोरच थांबवली. टेप पाहून ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

"पोट्ट्या, आमच्या बसला हवेचा दाब लागते. तुझ्या गाडीले हवा नसणं लागते. तू तं दार उघडं ठेवून कुलर लावला."

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत असं. बूस्टरच्या डब्यात आडवा एक रबरी पडदा असतो. दोन्ही बाजूंची हवा एक पंप आधीच ओढून घेऊन ठेवतो. आपण पेडल दाबलं की पडद्याच्या पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा आत येते, पुढच्या बाजूला हवा नसते, मग बाहेरची हवाच तो पडदा पुढं ढकलते आणि मास्टर सिलिंडरला जोर मिळतो. मी नंतर मोजायची टेप लावून डबा मोजला, साधारण नऊ इंच भरला. नऊ इंच गोल म्हणजे चारशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास, आणि हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किलोभर वजन देऊन असते, पंपानं त्यातली ऐंशी टक्के जरी ओढली तरी पडद्यावर तीनशे किलोच्या वर जोर होतो. तीनशे किलो! म्हणजे तीन-चार माणसं माझ्या पायाच्या मागं उभी राहून रोज ढकलत होती आणि त्या रात्री एकदम सुट्टीवर गेली.

पेट्रोलच्या गाडीत ही हवा ओढायचं काम इंजिनच करतं, कारण तिच्या हवेच्या वाटेत झडप असते आणि झडपेच्या मागं आपोआप ओढ तयार होते. डिझेलला, निदान आमच्या जुन्या मॉडेलला, तशी झडपच नाही, म्हणून वेगळा पंप. आमच्या गाडीत तो अल्टरनेटरच्या शेपटीला बसवलेला आहे आणि त्याला इंजिनचंच ऑइल मिळतं, म्हणूनच तिथं तो चिकटा. काका म्हणाले, यातून दोन गोष्टी डोक्यात ठेव. बेल्ट तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि त्याच वेळी ब्रेकही कडक होतो, तेव्हा दिवा पाहून गाणी ऐकत बसू नको. आणि उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करायचं, हे जे काही ड्रायव्हर लोक शहाणपण करतात, त्यात दोन-तीन वेळा ब्रेक दाबायपुरताच साठा डब्यात असतो. चौथ्या वेळी तुझ्यासारखं होते.

मग बूस्टर गेला का नाही त्याची परीक्षा. ही कोणालाही करता येते, पान्हा लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, साठा संपून ते कडक होतं. तसंच दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली थोडंसं खाली सरकलं तर मदत येऊन राहिली आहे. माझं सरकलं नाही. काकांनी वॉल्वच्या अलीकडून पाईप काढायला लावला, इंजिन चालू केलं आणि म्हणाले अंगठा लाव. अंगठा असा ओढून धरला की काढताना टप् आवाज आला. म्हणजे पंप ठणठणीत. मग तो उघडा पाईप त्यांनी लगेच एका बोल्टनं बंद करायला लावला. पंप ओढलेली हवा इंजिनच्या पोटात सोडतो, पाईप उघडा राहिला की धूळही ऑइलमध्ये आणि आत हवेचा दाबही वाढतो. मी टेप लावून जेवढं अंतर आलो त्यात किती धूळ ओढली ते देव जाणे, ऑइल मी नंतर बदलून टाकलं.

आता खरं काम. तुटका वॉल्व काढायला गेलो तर वाकडा भाग हातात आला आणि त्याचं नाक बूस्टरच्या तोंडातल्या रबरात तसंच अडकून राहिलं. हे रबर म्हणजे बुचासारखी जाड रिंग, ग्रोमेट म्हणतात, वॉल्व त्यात नुसता दाबून बसवलेला असतो, आटे-बिटे काही नाही. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते नाक उचकटणार, तेवढ्यात काका ओट्यावरून ओरडले, "आत पाडशील तं खरंच बूस्टर बदलावा लागन!" बरोबर होतं. तुकडा डब्यात पडला तर तो आतल्या पडद्याशी खेळत बसणार आणि तो काढायला डबा उतरवावा लागणार, मग तो गॅरेजवाला खरा ठरला असता.

अर्धा तास लागला त्याला. आधी सभोवतालची माती ब्रशनं आणि तोंडानं फुंकून काढली. मग पत्र्याला मारतात तसला एक छोटा स्क्रू घेतला, त्या प्लास्टिकच्या नाकाच्या भोकात हातानंच फिरवला, दाब न देता, नुसता पकडेपर्यंत. चार वेढ्यांनंतर पकडला. स्क्रूचं डोकं पकडीत धरून सरळ बाहेर ओढायचं, आणि एका हातानं ग्रोमेटची कड दाबून ठेवायची की ते आत जाऊ नये. घाम डोळ्यात जाऊन राहिला, साळा मोबाईलचा टॉर्च धरून माझ्या हातावर सोडून सगळीकडं उजेड पाडून राहिला. एकदा घसरला. दुसऱ्यांदा टप्पकन नाक बाहेर आलं आणि सोबत ग्रोमेटचा एक तुकडाही. रबर पार बिस्किटासारखं झालं होतं, नख लावलं की तुटे. बारा उन्हाळे नागपुरात बॉनेटखाली काढल्यावर आणखी काय होणार. उरलेलं ग्रोमेट सायकलच्या जुन्या स्पोकचा आकडा करून आतून ओढून काढलं, तुकडे ओट्यावर जुळवून पाहिले, रिंग पूर्ण झाली, आत काही गेलं नाही.

जुना वॉल्व काकांनी धुवायला लावला आणि फुंकून दाखव म्हणाले. बूस्टरच्या बाजूनं फुंकलं की हवा पलीकडं गेली पाहिजे, त्याच बाजूनं ओढलं की बंद झाली पाहिजे. हवा फक्त डब्यातून पंपाकडं जाणार, उलटी नाही, म्हणूनच इंजिन बंद झाल्यावरही दोन-तीन वेळा पुरेल एवढा साठा टिकतो. माझा वॉल्व दोन्हीकडून आरामात हवा सोडत होता, म्हणजे माझ्या कोपराच्या आधीपासूनच तो अर्धा मेलेला. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

घाट रोडवर एका स्पेअर पार्टवाल्याकडं गेलो, जुना तुकडा दाखवला, वॉल्व आणि ग्रोमेट मिळून तीनशे दहा रुपये. पाईपही तडकलेला होता, टोकाला तेलानं फुगून मऊ झालेला. पाईप मागितला तर त्यानं डिझेलचा काळा पाईप मीटरनं कापून दिला. मी विचारलं, हा वॅक्यूमला चालते का? तर म्हणे काळा पाईप काळा पाईप असतो, घेऊन जा भाऊ बिनधास्त.

घरी येऊन ग्रोमेट बसवलं. इथं ग्रीस किंवा ऑइल लावून सरकवायचा मोह होतो, लावू नका, तेलानं ते रबर फुगतं. थेंबभर पाणी लावलं, कडेला अंगठ्यानं फिरवत फिरवत दाबलं, मग वॉल्वचं नाक ओलं करून सरळ रेटलं, टक् करून बसला. पाईप चढवला, क्लिप लावल्या. स्क्रूची क्लिप जीव खाऊन आवळायची नसते, खाली प्लास्टिकची नळी आहे, तीच फुटते, हे काकांनी तीनदा सांगितलं. इंजिन चालू. पेडल पायाखाली मस्त खाली सरकलं. साळ्यानं टाळी दिली. ब्रेकच्या तेलाच्या लाईनला आपण हातच लावला नव्हता, त्यामुळं एअर काढायचा प्रश्नच नव्हता.

अर्ध्या तासानं दिघोरीकडं चक्कर मारून राहिलो तर पेडल परत जड. दगड नाही, पण जड. बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. तो डिझेलचा पाईप गरम होऊन वाकणावर असा चपटा झाला होता, जसा आपण उसाच्या रसाच्या ग्लासात कागदी स्ट्रॉ टाकून शेवटचा घोट ओढतो तेव्हा ती आत मिटते. डिझेलच्या पाईपला आतून बाहेर दाब सहन करायचा असतो, याला बाहेरून आत. इंजिन बंद केलं तर पाईप हळूच परत गोल झाला, काहीच झालं नाही असा चेहरा करून. थंड असताना तपासला असता तर कधीच सापडला नसता.

दुसऱ्या दिवशी परत घाट रोड, दुसरं दुकान. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं न विचारता दोन पाईप काढून काउंटरवर ठेवले, एक माझा होता तसा आणि एक जाड भिंतीचा, आत दोऱ्याचं विणकाम असलेला. दोन्ही बोटांनी दाबून दाखवले. जाडवाला दबेचना. एकशे साठ रुपये. वाकण असेल तर तुमच्या गाडीचाच वळणदार पाईप घ्या म्हणाले, सरळ पाईप वाकवला की तो कधी ना कधी दुमडणार, आणि पाईपच्या मधात बसणारा वॉल्व असलेली गाडी असेल तर वॉल्ववरचा बाण पंपाकडं ठेवा. मी वळणदारच घेतला, वर ऐंशी रुपये गेले. सगळा हिशेब लावला तर साडेपाचशे रुपये आणि एक फुकट गेलेला डिझेलचा पाईप, तो आता घरी कुलरला पाणी भरायला लागतो.

या वेळी काकांनी घाई करू दिली नाही. इंजिन पाऊण तास चालू ठेवायला लावलं, पूर्ण तापलं, मग पाईप हातानं चाचपला, गोल. इंजिन बंद करून दहा मिनिटं त्यांचा चहा होईपर्यंत थांबलो, मग पेडल दाबलं, पहिले दोन दाब मऊ, तिसऱ्याला कडक होत गेलं. म्हणजे वॉल्व साठा धरून ठेवतो. मग रिकामी गाडी बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन वीसवर, मग चाळीसवर ब्रेक मारून पाहिला.

पण एक गोष्ट कोणी सांगितली नाही मला. तो वॉल्व आधीपासून गळत होता म्हणजे माझा पाय किती महिने जास्तीचा जोर द्यायला शिकून बसला होता, आणि पाय काही एका दिवसात शिकलेलं विसरत नाही. परत येताना सकाळचे आठ वाजले होते, साळ्यानं चौकातल्या ठेल्यावरून तर्री पोहे घेतले, पोहे कागदात आणि तर्री वेगळी पातळ पिशवीत गाठ मारून, आणि ती पिशवी मांडीवर धरून तो गाठ सोडायच्या खटपटीत होता. पुढं सिग्नल लाल झाला, मी नेहमीसारखा, अगदी नेहमीच्याच जोरानं ब्रेक दाबला.

तर्री अजून डॅशबोर्डच्या फटीतून निघाली नाही. ऊन चढलं की केबिनमध्ये वास येतो, साळा म्हणते भाऊजी, भूक लागून राहिली.